जिजाजींची लाल गाडी आणि ताईचा तांब्या

अख्ख्या माळव्यात बसण्याच्या सुखाचा आमच्या जिजाजींइतका खोल विचार कुणी केला नसेल, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या माणसाइतके हालही कुणाचे झाले नसतील. जिजाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. महाराष्ट्रातली मंडळी ‘भाऊजी’ म्हणतात, पण आमच्या उज्जैनच्या मराठीत हिंदी इतकी मुरली आहे की त्यांना दुसरं काही म्हटलं तर ते वळूनही बघणार नाहीत. सारी नोकरी रेल्वेत, रुळांच्या खात्यात. पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात बसायचं, डोळे मिटायचे आणि कुठे किती झटका बसला ते वहीत टिपायचं, हे त्यांचं काम. लोक खिडकीबाहेर बघतात. हा माणूस जन्मभर आपल्या बुडाखाली काय चाललंय तेच ऐकत बसला. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लग्नाला गेले की आधी सोफा दाबून बघणार, कुणाची नवी मोटार दिसली की तिचं नाक खाली दाबून सोडणार आणि ती किती वेळा हलते ते मोजणार. एकदा आम्ही एका नातेवाइकाकडे दुःखाला भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि हे दोनदा जागच्या जागी उसळून माझ्या कानात सांगतात, “बेबी, मऊ आहे, पण डावीकडे कलतोय.” मी तोंडात पदर कोंबला. लोकांना वाटलं, मी रडून राहिले आहे.

निवृत्तीनंतर माणसं चारधामला जातात. जिजाजी इंदूरला गेले आणि लाल स्पोर्ट्स कार घेऊन आले! कुणा कारखानदाराच्या मुलाला तिचा कंटाळा आला होता म्हणे. जमिनीला टेकलेली, दोन दारं, दोनच सीटा. “अहो, आणि मी कुठे बसू?” मी विचारलं. “तू ये ना ऑटोने मागून,” असं उत्तर मिळालं. त्या गाडीच्या चारी चाकांपाशी धक्के झेलणारे शॉकर, आणि प्रत्येकावर एक बटण होतं. ते पिळलं की टक्-टक् वाजायचं. सोळा खाचा. एका टोकाला नेलं की गाडी कडक, म्हणजे वळणावर रस्त्याला चिकटून राहणार, तसूभर कलणार नाही, पण रस्त्यात सुपारी पडलेली असली तरी ती मणक्याला कळणार. दुसऱ्या टोकाला मऊ, म्हणजे खड्डे गिळून टाकणार, पण जोरात वळलात की अशी झुकणार की दार घट्ट धरावं लागणार. “दोन्ही सुखं एकदम मिळत नसतात, बेबी. कुठल्या खाचेवर थांबायचं, एवढाच काय तो प्रश्न,” ते म्हणायचे, आणि हा प्रश्न त्यांनी दूधवाल्यापासून राम घाटावरच्या आमच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांना विचारला. गुरुजी म्हणाले, मध्यम मार्ग धरा. “आठव्या खाचेवर ना आराम ना वळण, त्यांना काय जातंय सांगायला!” म्हणत हे धुसफुसत घरी आले. फ्रीगंजातला मिस्त्री मात्र स्पष्ट बोलला, “बाबूजी, पहले ये बताओ, गाडी दौडानी है कि भाभीजी को बिठाना है?”

भाभीजी म्हणजे आमची ताई. ताईचा मणका कित्येक वर्षांपासून दुखरा. पाटावर बसणं कधीच सुटलेलं, खुर्चीतून उठतानाही आधी टेबल धरायची. तिला मऊच गाडी हवी हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जिजाजी पडले रेल्वेचे, पुराव्याशिवाय काही मानायचे नाहीत. त्यांनी पुरावा शोधून काढला. दोघं दर रविवारी सकाळी राम घाटावर जायची आणि येताना तुळशीसाठी शिप्रेचं पाणी आणायची. तो पितळी तांब्या काठोकाठ भरून ताईने मांडीवर धरायचा, आणि घरी आल्यावर किती सांडलं ते बघायचं. पाणी सांडलं तर गाडी मऊ करायची, नाही सांडलं तर एक खाच कडक. इतकं सरळ.

पाणी कधीच सांडलं नाही. दर रविवारी फाटकाशी जिजाजी विचारायचे, “काय गं, किती?” आणि ताई तांब्या उंच करून दाखवायची, “थेंबसुद्धा नाही सांडलं!” की पुढच्या रविवारी आणखी एक खाच. करता करता गाडी शेवटच्या खाचेवर गेली. स्पीडब्रेकरला तर गाडीचं पोटच घासायचं, म्हणून ताई आधी उतरायची, तांब्या सांभाळत तो चढ पायी ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा आत शिरायची. टावर चौकातले पोहेवाले हातातला झारा थांबवून हा सोहळा बघत. मला भारी राग यायचा. एका रविवारी मी मुद्दाम लवकर जाऊन अंगणात उभी राहिले. जिजाजी गाडीवर कव्हर चढवण्यात गुंग होते, आणि ताई आधीच फाटकाशेजारच्या नळावर वाकून तांब्या भरून घेत होती. मांडीवरचा टॉवेल चिंब भिजलेला. तांब्या गार लागतो म्हणून टॉवेल घेते, असं तिने त्यांना सांगितलं होतं.

मी संतापले. “ताई, वेडबीड लागलंय का तुला? कंबर मोडून घेशील!” तिने मला आधी चूप केलं. मग म्हणाली, “अगं, घाटावरून येताना ते मुद्दाम बायपासने येतात. तिथे एक लांबच लांब वळण आहे. गाडी कडक असली की ते त्या वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढत नाहीत, आणि असे हसतात गं... लग्नात पंगतीत माझ्याकडे बघून हसले होते ना, तसे. दुखतं मला. खूप दुखतं. पण मी ते बघायलाच बसते. तू नाही सांगायचंस, माझी शपथ आहे.” शपथेपुढे काय बोलणार? मी तो ओला टॉवेल पिळून तिच्या हातात दिला.

गेल्या वर्षी ताई गेली. पहाटे झोपेतच, हृदय थांबलं. मणक्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं. जिजाजी ऐकायचे, मान डोलवायचे, आणि मग मला एकटीला गाठून विचारायचे, “बेबी, गाडीत तिला त्रास तर होत नव्हता ना? पाणी तर कधी सांडलं नाही.” मी म्हणायचे, “नाही हो जिजाजी.” माणूस गेल्यावर त्याची शपथ सुटते की नाही, मला ठाऊक नाही, पण खरं बोलायची माझी छाती नव्हती. गाडी वर्षभर कव्हरखाली पडून राहिली. त्यांनी कुठलाही सोफा दाबून बघितला नाही.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी ते स्वतःच म्हणाले, “चल, घाटावर जाऊ. तुळशीला पाणी आणायचं आहे.” पहिल्यांदाच मला ती सीट मिळाली, आणि माझ्या जिवाला ती नकोशी झाली. येताना तांब्या काठोकाठ भरून मांडीवर घेतला. बटणं ताईच्या वेळची, शेवटच्या खाचेवर. टॉवेल न्यायचं मला सुचलंच नाही. पहिल्याच खड्ड्याला पाणी उडालं, दुसऱ्याला साडी भिजली, आणि बायपासच्या वळणापाशी पोहोचेस्तोवर तांब्या अर्धा झाला होता. जिजाजींनी एकदा माझ्या मांडीकडे बघितलं. वळण तिथेच सुरू होत होतं. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

“ती भरून घ्यायची?”

“हो. फाटकाच्या नळावर.”

“दुखायचं तिला?”

आता खोटं बोलणं मला जमेना. “दुखायचं,” मी म्हटलं, आणि मग ती जे बोलली होती ते सगळं, पंगतीतल्या हसण्यासकट, जसंच्या तसं सांगून टाकलं. ते स्टिअरिंग धरून रडले. मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, ताईला नेलं तेव्हासुद्धा नाही. मग दार उघडून उतरले, गुडघे टेकून एकेका चाकाशी हात घातला आणि चारी बटणं टक्-टक् करत पार मऊच्या टोकाला नेली. त्या लांब वळणावर गाडी बैलगाडीच्या चालीने गेली. मागचे हॉर्न वाजवत होते, जिजाजींना पत्ता नव्हता. अर्ध्या तांब्यातलं पाणी जरासुद्धा हललं नाही.

घरी आल्यावर त्यांनी कव्हर घातलं नाही. माझ्या हातातून तांब्या घेतला, फाटकाच्या नळाशी वाकले आणि तो काठोकाठ भरला. मग तो दोन्ही हातांनी सांभाळत, हळूहळू पायऱ्या चढून उघड्या दारात उभे राहिले, आणि आतल्या रिकाम्या घराला सांगितलं, “अगं, थेंबसुद्धा नाही सांडलं.”