वैद्यबुवा आणि माझे चार उपास

रोग्याने आपले दुखणे सांगून संपवले की वैद्यबुवा डोळे मिटून म्हणत, "हं. आता खरं सांगा." असा एखादा वैद्य तुम्हीही पाहिला असेल. आमच्या कसब्यातल्या या वैद्यबुवांपुढे भलेभले सरदार चोरून खाल्लेले लोणचे कबूल करीत.

मी श्रीमंतांच्या दफ्तरात कारकून. दिवसभर मांडी ठोकून लिहिण्याचे फळ म्हणजे मूळव्याध. वैद्यबुवांनी मोडाला क्षाराचा दोरा बांधला, घरी पडून राहा, मऊ भात आणि ताक घ्या असे बजावले आणि हडपसरला एका रोग्याकडे निघून गेले.

दोरा बांधताना मी हूं की चूं केले नाही. भीती होती ती पुढची. परसाकडे जायच्या नुसत्या कल्पनेने मला घाम फुटे. म्हणून सोपी तोड काढली, खायचेच नाही. गुरुवारी दत्ताचा उपास सांगितला, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बायको हरखली. "दुखण्यानं का होईना, देव आठवले," म्हणाली.

रविवारी वैद्यबुवा परतले. बायकोने त्यांना माझी भक्ती ऐकवली.

"आज कोणाचा उपास?"

"सूर्यनारायणाचा."

"हं. आता खरं सांगा."

मी सांगून टाकले. ते हसले नाहीत.

"अहो, तेहतीस कोटींना कशाला वेठीला धरता? पोट कोरडं ठेवलंत तर आत खडा होईल. मग उपास पुरणार नाही, नवस बोलावा लागेल."

समोर बसून त्यांनी मला तूपभात खायला लावला. उठताना म्हणाले, "उद्या पहाटे येतो. घाबरायचं ते मी आल्यावर घाबरा."

आणि खरेच आले. थंडी मी म्हणत होती. परसदारच्या पायरीवर ते शाल गुंडाळून बसून राहिले. एका सरदाराची पालखी त्यांना न्यायला आली, तर बायकोला म्हणाले, "थांबा म्हणावं. इथला रोगी नाजूक आहे."

मी परत आलो. थोडी आग झाली होती, रक्त मात्र नव्हते. इतके हलके वाटले की डोळ्यांत पाणी आले.

"मग रडता कशाला? हातपाय धुवा आणि जेवा," म्हणाले आणि पालखीत बसले.

पुढे ते काशीस गेले आणि तिकडेच वारले. पुण्यात वैद्यांची वाण नाही. हल्ली ज्यांचे औषध घेतो ते विद्वान आहेत, गुणही येतो. पण मला भीती वाटते, एवढे त्यांना सांगायला अजून जीभ रेटत नाही.