गाडीचं पाणी

परवा मेकॅनिकनं माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तापलेल्या रबराचा वास आला. "साहेब, पुन्हा साधं पाणीच टाकून राहिले का? कूलंट टाका म्हणलो होतो ना!" मी ओशाळलो. ही खोड अप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. अप्पांनी त्याच साली जपानी बनावटीची पांढरी गाडी घेतली. पेठेत कुणी तिला नाजूक पत्र्याचा डबा म्हणे, कुणी पेट्रोल वाचतं म्हणून वाखाणी. जुनी गाडी वाटेत चारदा पाणी मागायची. म्हणून अप्पांनी हिच्यातही आईच्या पायाशी भरलेली कळशी ठेवली आणि आम्ही नांदेडला निघालो. गाडी मी चालवत होतो.

अहमदपूरच्या पुढं आई म्हणाली, "घोटभर घेते."

"गाडीचं हाय ते. लोह्यात चहा पी," अप्पा म्हणाले.

लोह्याच्या अलीकडं अप्पांनी मला गाडी थांबवायला लावली. बॉनेटखालची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. तरी त्यांनी कळशी कलती केलीच. पाणी बंपरवरून मातीत गेलं. ओशाळून त्यांनी उरलेली कळशी आईपुढं धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "येताना लागंल गाडीला."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता अप्पांपेक्षा माझाच संताप येतो. आरशात मला तिचे सुकलेले ओठ दिसत होते, आणि मी गिअर टाकला.