चौथ्या होकाराआधी

चिंतामणी फणसळकर रत्नागिरीतल्या एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचे निदेशक होते. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासायचा, त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि खिडकीसमोर धरायचा, हे त्यांनी चोवीस वर्षं शिकवलं. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेड दिसला, की जॉब वाकडा. मग तोंडानं कितीही सरळ म्हणा.

१९९९ साली संस्थेतली नऊ मुलं आखातातल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून मुंबईला गेली आणि पंधरा दिवस एका बंद गाळ्यासमोर बसून परत आली. मूळ प्रमाणपत्रं मात्र परत आली नाहीत. त्यानंतर फणसळकरांनी शनिवारचा शेवटचा तास सगळ्या ट्रेडच्या मुलांसाठी मागून घेतला. अभ्यासक्रमात तो नव्हता. प्राचार्य म्हणाले, "घ्या, पण परीक्षेला त्याचे मार्क नाहीत, हे मुलांना आधीच सांगा."

शिमग्यात पालखीपुढं गावकार गाऱ्हाणं घालतो आणि वाक्यावाक्याला अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. मुलांच्या कानात ते लहानपणापासून बसलेलं. फणसळकरांनी तेच वर्गात आणलं. एकानं विकणारा व्हायचं, पेपरातली जाहिरात गाऱ्हाण्याच्या चालीत म्हणायची. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणत जायचं. ज्याला फट दिसेल त्यानं "थांबा" म्हणायचं आणि ती दाखवायची.

"पहिले तीन होकार तुमच्याच घरातले असतात," ते सांगत. "आईबापाला सुख द्यायचंय? व्हय. शिकून रिकामं बसणं खुपतं? व्हय. संधी आली तर मेहनत कराल? व्हय. तोवर तोंडाला सवय लागते. चौथा होकार विकणाऱ्याचा असतो. म्हणून तिसऱ्यावर थांबा. आणि काहीही झालं तरी मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका."

विकणारा व्हावं तर गुरुप्रसादनं. लांज्याकडच्या वाडीतला, बाप गावकार. तो उभा राहिला की वर्ग डोलायला लागायचा. त्याला अडवायची ती फक्त इलेक्ट्रॉनिक्सची शमिका.

"थांबा. जागा किती ते सांगितलंस. कुठल्या कारखान्यात ते कुठं सांगितलंस?"

"हिला काय विकायचं, सर? ही बोहल्यावर नवऱ्यालापण गुण्या लावील."

"लावीनच. तू उभा राहू नको म्हणजे झालं."

वर्ग हसला. फणसळकरही हसले. आपला तास कामाला आला, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

दोघं २०००मध्ये पास झाली. गुरुप्रसाद मुंबईला गेला. शमिका चार मुलाखती देऊन आली, चारही ठिकाणी फट दिसली म्हणून नाही म्हणाली आणि एसटी स्टँडजवळच्या फोन बूथवर बसायला लागली. २००२च्या मे महिन्यात ती एक पत्रक घेऊन सरांकडे आली. परदेशी नोकऱ्यांचा मेळावा, मूळ प्रमाणपत्रं आणावीत.

"तूच सांग, फट कुठं आहे?"

"मूळ प्रमाणपत्रं."

"मग झालं तर."

ती हो म्हणाली नाही. रविवारी फणसळकर स्वतःच पत्रकातल्या मंगल कार्यालयात जाऊन मागं उभे राहिले. शमिका चौथ्या रांगेत होती, मांडीवर प्लास्टिकची फाइल. व्यासपीठावर टाय लावून गुरुप्रसाद उभा होता.

"आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं की नाय?"

"व्हय," दोनशे तोंडं म्हणाली.

"दोन-दोन वर्षं रिकामी गेली की नाय?"

"व्हय."

"देवानं दार उघडलं तर आत जाल की नाय?"

"व्हय."

चाल तीच होती.

"थांबा," ते मागून म्हणाले. "कंपनीचं नाव, गाव, पत्ता सांग, गुरुप्रसाद. आणि झेरॉक्स का चालत नाही ते सांग."

गुरुप्रसादनं हात जोडले. "हे माझे सर. बोलायला यांनीच शिकवलं मला. सर, राग मानू नका, एकच विचारतो. आपल्या संस्थेतून तुम्ही किती जणांना नोकरी लावलीत?"

कुणीतरी खुदकन हसलं, मग रांगाच्या रांगा हसल्या. फणसळकर शमिकाकडे बघत राहिले. ती उठून त्यांच्याजवळ आली.

"सर, घरी जा तुम्ही."

"तुला दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय. नाय कसं म्हणायचं ते तुम्ही शिकवलंत, सर. दोन वर्षं नायच म्हणतेय. व्हय कुणाला म्हणू?"

ती कागद गोळा करणाऱ्यांच्या टेबलापाशी गेली आणि तिनं फाइल उघडून मूळ कागद दिले.

जुलैत मेळाव्यात दिलेला फोन लागेनासा झाला. ऑगस्टमध्ये शमिका प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीचा अर्ज घेऊन आली. त्यावर निदेशकाची सही लागत होती. 'मूळ प्रत कशी गहाळ झाली' या रकान्यात तिनं 'प्रवासात' असं लिहिलं होतं.

"गुरुप्रसाद भेटला?" त्यांनी विचारलं.

"गावी आलाय. त्याचेपण कागद मेळावावाल्यांकडंच होते. चाळीस जण आणलेस की पहिल्या तुकडीत तू, असं सांगितलेलं त्याला. त्यालाही कुणीतरी तीनदा व्हय म्हणायला लावलं असणार." तिनं अर्ज पुढं सरकवला. "मी मोजत होते, सर. चौथा आला तेव्हा मला कळलं होतं."

फणसळकरांनी सही केली. 'प्रवासात' हा शब्द त्यांनी तसाच राहू दिला.

त्या वर्षीही शनिवारचा तास झाला. विकणारा कोण होणार, असं विचारल्यावर मागच्या बाकावरून एकानं हात वर केला. चुणचुणीत होता, आवाजही गुरुप्रसादसारखाच चांगला होता. फणसळकरांनी त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले. त्यांना ती चाल जमत नव्हती. पहिल्याच वाक्याला सगळा वर्ग एका सुरात "थांबा" म्हणाला आणि टाळ्या पिटून हसला.

"शाब्बास," फणसळकर म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.