पहिला रकाना : खाल्लंस का?

मुकुंद जोगळेकर गेल्याचं मला मेट्रोत कळलं. ऑफिसातून कॅसल हिलला घरी येत होतो. त्याच्या मुलीचा मेसेज आला, ‘बाबा धिस आर्वो पीसफुली गेला.’ (आर्वो म्हणजे इथली दुपार.) आजार लांबला होता, बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी तो मेसेज दोनदा वाचला आणि पहिलं मनात आलं ते हे, की मुकुंदाला तो ‘पीसफुली’ खपला नसता. ‘कशाच्या तुलनेत?’ असं त्याने विचारलं असतं. कुठलंही विशेषण दिसलं की तो हा प्रश्न विचारायचा, मग ते विशेषण लग्नातल्या जेवणाचं असो की पंतप्रधानांच्या भाषणाचं. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलोय आणि प्रत्येक विशेषणापाशी अडतोय...

आमची ओळख वॉलॉंगॉंगची. मी पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर होतो आणि तो एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. ते दिवस परदेशी विद्यार्थ्यांच्या लाटेचे होते. दर सत्राला विमानं भरभरून मुलं उतरत, कॉलेजं नवे मजले चढवत आणि माहितीपत्रकांचा कागद गुळगुळीत होत जाई. मुकुंदाच्या कॉलेजाच्या माहितीपत्रकावर त्यांच्या फुटबॉल संघाचा फोटो होता. नेपाळ, केनिया, मलेशिया, पंजाब, सगळे हसतमुख. (इथे फुटबॉल म्हटलं की कुठला ते आधी विचारावं लागतं. हा पायाने खेळायचा.) संघाला कपडे बदलायला मात्र खोली नव्हती. मुलं गाडीच्या डिकीआड बदलत. आणि संघ हरायचा, नेमाने हरायचा.

मुकुंदाने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून तो एकदा सामना बघायला गेला आणि परत आल्यावर मला म्हणाला, “अरे, हे लोक फक्त गोल मोजतात. हे म्हणजे पेशंट मेला की नाही एवढंच बघून दवाखाना चालवण्यासारखं आहे.” पुढच्या शनिवारी सकाळी त्याने मलाही नेलं. काम असं, की चेंडू कुणाच्या पायातून सुटला, गोलवर फटका कुणी मारला आणि कितव्या मिनिटाला, हे मी ओरडून सांगायचं आणि त्याने तक्त्यात खुणा करायच्या. खरं तर मी जास्त करून नुसताच ओरडायचो. सामन्याआधी तो मात्र प्रत्येक खेळाडूसमोर जाऊन उभा राहायचा आणि चक्क मराठीत विचारायचा, “खाल्लंस का?” याचा अर्थ आणि उत्तर त्याने सगळ्यांना शिकवलं होतं. खाल्लं असेल तर ‘खाल्लं, सर’, नसेल तर नुसतं ‘नाही’. पोरांना वाटायचं, भारतीय माणूस आहे, चौकशी करतोय. मलाही तसंच वाटायचं. एकदा जोसेफ नावाचा केनियाचा गोलकीपर ताडकन ‘खाल्लं, सर’ म्हणाला आणि मुकुंदाने मान वर न करता त्याला बजावलं, “खोटं बोलू नकोस, मेट. माझे आकडे बिघडतील.” तेव्हा कुठे मला कळलं, की तक्त्यातला पहिला रकाना तो आहे.

हंगामाच्या मध्यावर कॉलेजाच्या क्रीडासंचालकांनी बैठक बोलावली. त्यांचं नाव ग्रॅहम. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे लेझर पॉइंटर होता. भिंतीवर गुणतक्ता लावून त्यांनी तळाच्या ओळीवर लाल ठिपका नाचवला आणि सांगितलं, की या मुलांमध्ये फायटिंग स्पिरिट नाही, तेव्हा संघ बंद करून त्या जागी ‘हाय परफॉर्मन्स सेंटर’ काढावं. मुलं मागच्या रांगेत बसली होती. त्यांच्यापैकी कित्येकांना या देशात नावाने हाक मारणारी तेवढी एकच जागा होती, ते मैदान. बाकी सगळीकडे ती म्हणजे सर्वो (इथला पेट्रोल पंप), सफाई, वृद्धाश्रम यांतल्या शिफ्टा होत्या.

“फायटिंग स्पिरिट कुठल्या एककात मोजलंत?” मुकुंदाने विचारलं. थट्टेने नाही, त्याला खरंच माहिती हवी होती. मग त्याने आपला तक्ता लावला. सामन्याच्या पूर्वार्धात आपला संघ कुणाहूनही कमी नव्हता. आपल्यावर गोल बसत होते ते शेवटाकडे, आणि तेही त्या शनिवारी, ज्या शनिवारी पहिल्या रकान्यात ‘नाही’ जास्त होते. पोरं शुक्रवारची रात्रपाळी संपवून, पोटात काही नसताना थेट मैदानावर येत होती. “हा पुरावा नाही, संशय आहे,” मुकुंद म्हणाला. “पण औषध निरुपद्रवी आहे. हंगाम संपेपर्यंत थांबा.” ग्रॅहम थांबले. बहुधा हा तक्ता त्यांच्या तक्त्यापेक्षा नीटनेटका होता म्हणून.

पुढच्या शनिवारपासून शुभदावहिनी, म्हणजे मुकुंदाची बायको, पातेलंभर पोहे घेऊन मैदानावर यायला लागल्या. जोसेफने पहिल्या दिवशी कढीपत्ता चमच्यावर धरून विचारलं, हे पान खायचं असतं का? कुणाचं लक्ष नव्हतं, तेव्हा त्याने खाल्लं. मग हंगामभर, नियम असल्यासारखं, प्रत्येक पान चावून खाल्लं.

संघाने ढाल वगैरे जिंकली नाही. पण शेवटचे गोल बसायचे कमी झाले, चार सामने जिंकले आणि संघ वाचला. मी मुकुंदाला म्हटलं, “पोह्यांनी केलं रे.” तो म्हणाला, “माहीत नाही. थंडी कमी झाली, समोरचे संघ ढेपाळले आणि तू ओरडायचं बंद केलंस. नक्की कशाने झालं ते कसं सांगू?” ग्रॅहमना मात्र सगळं माहीत होतं. त्यांना यावर शोधनिबंध हवा होता, माहितीपत्रकात छापण्यासारखा. मुकुंदाची बढतीही त्या वर्षी एका निबंधावरच अडली होती. त्याने शांतपणे समजावलं, की सिद्ध करायचं तर निम्म्यांना खायला द्यावं लागेल आणि निम्म्यांना उपाशी खेळवावं लागेल.

“मग तसं करू,” ग्रॅहम म्हणाले.

“ठीक आहे. उपाशी कोण ते तुम्ही निवडा. आणि त्याला तुम्हीच सांगा.”

निबंध लिहिला गेला नाही. बढती पुढे कधीतरी, दुसऱ्याच कशावर तरी मिळाली. आपण काही मोठं केलं असं मुकुंदाच्या बोलण्यात कधी आलं नाही. उलट शास्त्राचं नुकसान केलं म्हणून तो अधूनमधून हळहळायचा, आणि ती हळहळ खरी असायची...

परवा वॉलॉंगॉंगला वहिनींकडे गेलो होतो. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो, आणि हार नाही, कारण हार त्याला चालला नसता. तेवढ्यात जोसेफ आला. आता तो ब्लॅकटाउनकडे नर्स आहे, केस पिकलेत. रात्रपाळी संपवून तसाच ट्रेनने आला होता. तो फोटोसमोर सरळ उभा राहिला आणि मराठीत म्हणाला, “खाल्लं, सर.”

वहिनींनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. “त्यांचे आकडे बिघडवू नकोस,” म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने फोडणीचा वास आला.

जोसेफ फोटोच्या बाजूच्या खुर्चीत बशी मांडीवर घेऊन बसला. मी म्हटलं, “इतक्या वर्षांनी सांगतो, मेट, ते पान बाजूला काढायचं असतं.” त्याने चमच्यावरच्या कढीपत्त्याकडे पाहिलं. मग तो तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिला.