चौदा विद्यार्थी, प्लेसमेंट शून्य

"पंधरा वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

नागपूरहून आलेल्या सल्लागारानं हा प्रश्न टेबलाभोवती फिरवला. कोणी म्हणालं विभागप्रमुख, कोणी म्हणालं परदेशात. ग्रंथपालबाई म्हणाल्या, डिजिटल ग्रंथालयात. माझी पाळी आली.

"मसणात," मी म्हणालो.

प्राचार्य मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला. सल्लागार हसला नाही. त्यानं काहीतरी लिहून घेतलं. पुढं कागद छापून आले तेव्हा कळलं, 'धोके' या खान्यात त्यानं 'वयोवृद्ध मनुष्यबळ' असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं.

त्या टेबलावर मी कसा, ते सांगतो. मी सातवी पास. बल्लारपूरला मिलच्या वाइंडिंग खात्यात उभा जन्म गेला. रिटायर होऊन नागभीडकडल्या आपल्या गावी आलो, आणि तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजात मोटार वाइंडिंग शिकवायला लागलो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे डिग्रीचं कॉलेज नाही. दहावीनंतर ज्याचं पुढं जमलं नाही, त्यानं वर्षभर यावं, एक हुनर शिकावं, प्रमाणपत्र घेऊन जावं. आमच्याकडं तीन कोर्स. शिवणकाम, रुग्णसेवा आणि माझा.

माझं काम सोपं आहे. मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. आमचा भाग धानाचा. पाण्याची गरज पडली की सगळे शेतकरी एकदम पंप सुरू करतात, विजेचा दाब उतरतो, मोटार तापते आणि तार जळते. जळलेली तार उपसायची, नवी मोजून बसवायची, व्हार्निश पाजून वाळवायची. याला आम्ही मोटार भरणं म्हणतो. एक फेरा कमी पडला तरी मोटार सांगते. माणसं सांगत नाहीत.

तर त्या वर्षी वरून पत्र आलं, की कॉलेजचा पंधरा वर्षांचा दीर्घकालीन आराखडा पाठवा. त्यासाठी कमिटी झाली. कमिटीत एक 'कौशल्य शिक्षक' पाहिजे असं पत्रातच होतं. शिवणवाल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. रुग्णसेवावाल्या म्हणाल्या, मला मीटिंग जमत नाही. राहिलो मी.

पोळ्याच्या आधी माझी बायको गेली होती. तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात हजर. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. म्हणू द्या. तिला व्हार्निशचा वास खपत नसे. मिलमधून आलो की अंगणातच हात धुवायला लावायची, साबण घेऊन उभी राहायची. आता मी तसाच घरात शिरतो. कोणी बोलत नाही. त्या घरात दिवसभर बसून काय करू? म्हणून मीटिंगला जायचो. मीटिंगमध्ये निदान माणसं बोलायची, अर्थ लागो न लागो.

फेब्रुवारीत आराखड्याचा कच्चा मसुदा दाखवला. पडद्यावर तीन रंग. हिरवा कोर्स वाढवायचा, पिवळा नजरेखाली ठेवायचा, लाल बंद करायचा. शिवणकाम पिवळं. रुग्णसेवा हिरवी. मोटार वाइंडिंग लाल.

"काऊन?" मी विचारलं.

सल्लागाराचं नाव नीरज. पोरगा हुशार, वागायला नम्र. तो म्हणाला, "काका, डेटा बघा. मागच्या बॅचचे चौदा जण पास झाले. आमच्या ऑफिसमधून चौदाही जणांना फोन केले. एकालाही नोकरी नाही. उत्पन्न विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, घरीच असतो. प्लेसमेंट शून्य."

प्लेसमेंट म्हणजे शिकून बाहेर पडलेल्याला कामावर घेतल्याचं पत्र.

"चौदाही घरीच?"

"चौदाही."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या जूनपासून प्रवेश थांबवू. तुम्हालाही आता विश्रांती हवीच ना."

विश्रांती कशी असते ते मी पोळ्यापासून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वैशालीच्या गावाला गेलो. वैशाली मागच्या बॅचची. बापाच्या बंद पडलेल्या पानठेल्यात तिनं दुकान टाकलेलं. फाटकाशी चार मोटारी ओळीनं, पाचवी तिच्या मांडीवर उघडी. बोटांना फडकं गुंडाळलेलं. मान वर न करता म्हणाली, "नंबर लावून जा जी, आठ दिवस लागन."

"मी आहो."

"अरे बापा! काका! या ना, बसा." तिनं एका मोटारीवर पोतं टाकून मला बसवलं.

"वैशाली, नागपूरहून फोन आला होता का तुले?"

"आला होता ना. एक पोरगी बोलत होती, गोड गोड. नोकरी आहे का म्हणे. म्हटलं नाई. महिन्याचं उत्पन्न किती म्हणे. म्हटलं काई नाई, घरीच असतो."

"अन् हे काय आहे मंग?"

"हे दुकान होय. नोकरी थोडीच होय!" तिनं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "अन् काका, अनोळखी नंबर, शुद्ध भाषा, अन् उत्पन्न इचारते. कोण सांगन खरं? बाबाचं नाव घरकुलाच्या यादीत आहे. रेशन आहे. उद्या म्हणन, पोरगी कमावते, काटा नाव."

"मले तं सांगायचं."

"तुमचा फोन आला असता तं सांगितलं असतं ना. चौदाही जणाईचा ग्रुप आहे आमचा. दिवाकरनं त्यावर लिहिलं होतं, असा असा फोन येऊन राह्यला, सगळे घरीच असतो म्हणा. आम्ही म्हटलं."

एवढी शिस्त यांनी माझ्या वर्गात कधी दाखवली नव्हती.

पुढच्या मीटिंगला मी नीरजला म्हणालो, "तुमचा प्रश्न चुकला."

"काका, हा सगळीकडे वापरतात तोच फॉरमॅट आहे."

"असन. आता माझ्या फॉरमॅटनं इचारा. तुमच्याच फोनवरून. नोकरीचं नाव काढू नका. मोटार जळाली म्हणा."

मॅडम म्हणाल्या, "हे कमिटीचं काम नाही." ग्रंथपालबाई म्हणाल्या, "लावा तर खरं." त्यांना आठ महिन्यांत पहिल्यांदा मीटिंगमध्ये मजा येत होती.

नीरजनं दिवाकरला फोन लावला. स्पीकर सुरू केला.

"नमस्कार, मला माझ्या मोटरचं रिवाइंडिंग करून हवं आहे."

"किती एचपीची?"

नीरजनं माझ्याकडं पाहिलं. मी तीन बोटं दाखवली.

"तीन."

"पाण्यातली का वरची?"

"पाण्यातली."

"जळाली कशी? एक फेज गेली होती का?"

तीन तारांतून वीज येते. एक गेली तरी मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहते आणि जळते. हे शेतकऱ्याच्या पाचवीतल्या पोराला माहीत असतं. नीरजला नव्हतं.

"मला कल्पना नाही," तो म्हणाला.

"मालकालेच कल्पना नाई तं मले कशी राहीन? घरी कोणी मोठं माणूस आहे का जी? त्याईले द्या फोन."

ग्रंथपालबाईंनी तोंडाला पदर लावला. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मीच... मीच आहे मोठा," नीरज म्हणाला. "किती दिवस लागतील?"

"नऊ पडल्या आहेत आधीच्या. दहा दिवस धरा. घाई असन तं दुसरीकडं न्या, मी कोणाच्या मांगं लागत नाई. अन् आणताना केबल धरून उचलू नका मोटार. सगळे लोक तसेच आणते. ठेवतो."

फोन बंद झाला. नीरजनं आपल्या यादीत दिवाकरचं नाव पाहिलं. पुढं 'बेरोजगार' लिहिलेलं होतं.

मग त्यानं एकामागून एक फोन लावले. हळूहळू त्याला जमायला लागलं. पाचव्या फोनला तो आपणहून म्हणाला, "फेज गेली होती भाऊ." संघपालनं त्याला सांगितलं, सकाळी सातच्या आत आणा, नंतर मी गावोगाव पंप काढायला जातो. एकीनं त्याला झाडलं की मागच्या वेळी भरून दिलेली तुम्हीच परत जाळली का.

बाराव्या फोनवर रोशन होता. मागं माणसांचा कलकलाट, ट्रॅक्टर.

"मोटार? नाई जी. मी तेलंगणात आहो. मिरची तोडाले आलो."

"दुकान बंद आहे का?"

"दुकान मोडलं. आमच्या गावात संघपालचं आहे ना आधीचं. दोन दुकानाईएवढ्या मोटारी नाईत गावात. त्याच्याकडंच न्या, हात चांगला आहे त्याचा."

रोशनचा हात वर्गात सगळ्यांत साफ होता. एकाच गावची दोन पोरं मी एकाच वर्षी घेतली, दोघांना तेच शिकवलं, आणि दोघांना एकाच चौकात सोडून दिलं. गावात किती पंप आहेत हे मी मोजलं नव्हतं. तोवर मी मनातल्या मनात आराखड्याला हसत होतो. त्या फोननंतर हसलो नाही. नीरजनं मात्र पहिल्यांदा न विचारता नकाशा उघडला आणि गावांवर टिंबं द्यायला लागला. मी त्याला कुठं विहिरी, कुठं बोड्या म्हणजे लहान तळी, कुठं नुसता पावसाचा धान, ते सांगत गेलो. आठ महिन्यांत खरं प्लॅनिंग झालं असेल तर त्या अर्ध्या तासात.

शेवटी हिशोब असा, की चौदापैकी अकरा जण कामात बुडालेले, एक सासरी जाऊन शिलाई करते, एक फोन उचलत नाही, आणि रोशन.

"मग लाल पुसा," मी म्हणालो.

नीरजचा चेहरा पडला. "काका, मला पटलं. पण वर पुरावा लागतो. नियुक्तीपत्र, नाहीतर दुकानाची नोंदणी. फोनवर ऐकलं असं लिहिता येत नाही."

म्हणजे जी गोष्ट पोरं लपवत होती, तीच कागदावर आणायची. मी पुन्हा एसटीनं हिंडलो. वैशालीनं सरळ विचारलं, "नोंदणी केली अन् रेशन गेलं तं?"

"तहसीलात इचारलं मी. एक बाबू म्हणाला काई होत नाई. दुसरा म्हणाला होऊ शकते. तिसरा जेवाले गेला होता."

"मंग तुम्ही काय म्हणता?"

"मले माहीत नाई. खोटं सांगत नाई तुले. तू नाई केली तं कोर्स बंद होईन. केली तं तुह्यं काय होईन, मी सांगू शकत नाई."

तिनं हातातली तार घासायला घेतली. मग म्हणाली, "कोर्स बंद झाला तं तुम्ही काय करान, काका?"

"घरी बसीन."

तिनं पुढची मोटार ओढली. आठ दिवसांनी तिचा नोंदणीचा कागद कॉलेजात आला. पाठोपाठ आणखी पाच. उरलेल्या पाचांनी नाही केली. त्यांच्यावर माझा राग नाही. मला घरी बसावं लागू नये म्हणून त्यांनी आपलं घर धोक्यात का घालावं?

सहा कागदांवर कोर्स लालमधून पिवळ्यात आला. दोन वर्षं नजरेखाली. पण आराखड्यात शेवटचा एक खाना होता, 'पुढील प्रशिक्षक'. माझ्यानंतर कोण, त्याचं नाव आणि नियुक्तीपत्र जोडा. वैशाली म्हणाली, "दहा ते पाच तिथी बसू तं इथी मोटारी कोण भरन?" दिवाकर म्हणाला, मिनिटाची फुरसत नाई. जे चांगले निघाले त्यांच्यातला एकही मोकळा नव्हता.

मोकळा होता तो रोशन. मिरची आटोपून आला तेव्हा मी त्याला बोलावलं. तो म्हणाला, "माह्यं तं दुकान मोडलं काका, मी काय शिकवू?"

"कुठी दुकान टाकू नये, ते शिकव. ते मले येत नाई."

त्याला पत्र मिळालं, शिक्क्यासहित. नियुक्तीपत्र मिळालेला चौदांतला तो एकटाच. वर पाठवलेल्या अहवालात प्लेसमेंटच्या खान्यात त्याचाच फोटो आहे आणि खाली लिहिलंय, यशस्वी विद्यार्थी. दिवाकर, ज्याच्या दारात नऊ मोटारी पडलेल्या असतात, तो त्या अहवालात अजून बेरोजगार आहे. त्यानं नोंदणी केली नाही.

मॅडम म्हणाल्या, "आता रोशन आहे काका, तुम्ही आराम करू शकता." मी म्हणालो, आराम घरीच आहे, कुठं पळून जात नाही. रोज जातो मी. रोशन शिकवतो, मी फेरे मोजतो.

आराखडे काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. आमच्याकडच्या माणसाला नोकरी विचारली की तो म्हणतो घरीच असतो. काम विचारलं की म्हणतो नंबर लावा. दुसरा प्रश्न आधी विचारावा. त्याला सल्लागार लागत नाही, जळलेली मोटार पुरते.