दोन कार्डं, एक मुलगी

समजा, तुमच्यासमोर दवाखान्याची दोन कार्डं ठेवली आहेत. जन्मतारीख तीच, आईचं नाव तेच, पत्ताही तोच. एकावर घरातलं लाडाचं नाव, दुसऱ्यावर शाळेतलं. सांगा, माणूस एक की दोन?

रेकॉर्डवाल्या ताई बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आल्या होत्या, एक! तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेली माणसं तोंडाला येईल ते नाव सांगतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे संगणक आला आणि प्रोग्रॅमरने विचारलं, "कोणत्या नोंदी सारख्या धरायच्या?" तेव्हा ताई म्हणाल्या, "पहिलं नाव सोड. बाकी जुळलं, की एकच." त्याने तसा नियम लिहिला.

त्या प्रोग्रॅमरवर मात्र ताईंचा काडीचा विश्वास नव्हता. सगळा दिवस कानात इअरफोनची बोंडं घालून बसणारा माणूस काय करतो, कुणी बघितलंय?

सोमवारी एक आई तणतणत खिडकीशी आली. "अहो, हिला हे इंजेक्शन चालत नाही! मागे अंगभर गांधी उठल्या होत्या. तुम्हीच लाल शेरा मारला होता ना?"

ताईंनी नोंद उघडली. शेरा गायब! त्यांनी फोन उचलला, "सिस्टर, सुई खाली ठेव आधी!" आणि तडक प्रोग्रॅमरचं टेबल गाठलं.

"शेरा पुसलास ना?"

"मी कशाला पुसू, ताई?"

"चोराच्या उलट्या बोंबा!"

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "दोन नोंदी होत्या. तुमच्या नियमाने त्या एकाच मुलीच्या ठरल्या. नवी वर राहिली, जुनी झाकली गेली. शेरा जुनीवर आहे."

"मग असतील एकाच मुलीच्या!"

"एकीच्या कशा असतील?" मागोमाग आलेली आई दारातून म्हणाली. "जुळ्या आहेत माझ्या. दुसरी शाळेत गेलीय."

ताईंनी खुर्ची ओढली. त्यांनी विचारलं, "अशा किती जोड्या एक केल्यास?"

"तीनशे सहा."

त्यांनी यादी छापून घेतली आणि कपाटातली कागदी कार्डं काढली. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या थबकू लागल्या. हे खरंच एकच पोर, की भावंडं? इथे आईने टोकलं म्हणून कळलं. बाकीच्या तीनशे पाचांत कुणाचा लाल शेरा झाकला गेलाय?