बहिणीच्या लेखावरची पाटी

आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता त्याच्या पेन्शनच्या कागदांवर तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्या गल्लीला तो लालपेन म्हणूनच माहीत होता. छापखान्यात छत्तीस वर्षं त्याने प्रुफं तपासली. खिशात लाल पेन, नाकाच्या टोकाला चष्मा आणि ओठ असे मुडपलेले, की समोरच्या माणसाला आपण काहीतरी चुकीचं बोललो असंच वाटावं. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, बाग लावतात. हा पठ्ठ्या इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात शिरला. तिथं कुणालाही लिहिता येतं आणि कुणाचंही लिहिलेलं कुणालाही सुधारता येतं, हे त्याला कळलं त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

दुपारी जेवण झालं की खिडकीजवळच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडायचा. पडदा अर्धा ओढायचा, म्हणजे ऊन कीबोर्डवर पडतं पण डोळ्यांवर येत नाही. मग तो चरित्रं वाचायला घ्यायचा. कुणी नगरसेवक, कुणी गायक, कुणी उद्योगपती. चरित्रं बहुतेक वेळा त्या माणसाच्या मुलाने, नाहीतर भाच्याने, नाहीतर खुद्द त्यानेच टोपणनावाने लिहिलेली असत. लालपेनला ते दुसऱ्याच ओळीत कळायचं. “बालपणापासूनच असामान्य तेज” असं स्वतःच्या बापाशिवाय कुणाबद्दल कोण लिहितो? तो ‘असामान्य’ काढायचा, ‘तेज’ काढायचा, ‘अष्टपैलू’ काढायचा, आणि शेवटी माणूस उरायचा तेवढाच ठेवायचा. काही वेळा काहीच उरत नसे.

“आज किती जणांचे पंख छाटलेत?” बायको चहा ठेवताना विचारायची.

“तिघांचे. एक तर आमदार होता.”

“घरात ट्यूबलाइट बदला म्हटलं तर आठ दिवस लागतात, आणि आमदारांचे पंख दुपारी दोन तासांत!”

कोशाचे दोन नियम त्याला प्राणप्रिय होते. पहिला, दुसऱ्याचं छापलेलं उचलून इथं टाकायचं नाही. शब्द ज्याने लिहिले त्याचे, मग ते पुस्तकातले असोत की पत्रकातले. दुसरा, आपल्या माणसावर आपण लिहायचं नाही, आणि लिहायचंच असेल तर आधी नातं उघड सांगायचं. अकरा वर्षांत त्याच्या नावाने कोशात एकही ठपका नव्हता. स्वतःच्या रक्तदाबापेक्षा त्याला याचा जास्त अभिमान होता.

एका सोमवारी नव्या लेखांच्या यादीत त्याला आपल्या थोरल्या बहिणीचं नाव दिसलं.

ताई म्हणजे शहराच्या तरणतलावावरच्या पोहण्याच्या शिक्षिका. अर्ध्या गावाला तिने पाण्यात ढकललं होतं आणि त्याच गावाला हात धरून बाहेरही काढलं होतं. तिचं खरं काम मात्र निराळंच. ऐकू न येणाऱ्या मुलांना ती पोहायला शिकवायची. पाण्यात ओरडून त्यांना काय कळणार? म्हणून तिने बोटांची भाषा बसवली. खांद्यावर एक टिचकी म्हणजे श्वास घे, दोन म्हणजे वळ, डोक्यावर तळवा म्हणजे पुरे, बाहेर ये. पुढे इतर शहरांतल्या शिक्षकांनीही तिची ही पद्धत उचलली होती. येत्या रविवारी ती काम थांबवणार होती आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तलावाशेजारच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता.

लालपेनला वाटलं, उठून बायकोला हाक मारावी. पण डोळे आधीच पहिल्या ओळीवर गेले होते. ‘पाणी तिला घाबरत असे, म्हणून तिच्या हाताखालची माणसं पाण्याला घाबरत नसत.’ पुढे ‘सागराची लेक’ होतं. त्याच्याही पुढे होतं की ती पाण्यात उतरताना नेहमी आधी डावा पाय टाकते.

त्याचे ओठ मुडपले. नवखा माणूस असं लिहीत नाही. नवखा लिहितो, ‘त्या खूप छान आहेत.’ ही वाक्यं इस्त्री केलेली होती, कुठूनतरी उचललेली. वाक्यं बरी होती, हेही त्याने मनात कबूल केलं. पण उचललेलं ते उचललेलंच. आणि डाव्या पायाचं या लेखकाला कळलं तरी कुठून?

लेख आपल्या बहिणीवरचा आहे, आपण हात लावू नये, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याचं मन वकिलासारखं बोलू लागलं. बहिणीचं कौतुक केलं तर तो पक्षपात. तिच्यावर कडक झालो तर त्यात पक्षपात कसला? उलट न्यायच. आणि त्याने लेखाच्या डोक्यावर पिवळी पाटी लावली: ‘हा मजकूर अन्यत्र प्रकाशित साहित्याची नक्कल असल्याचा संशय आहे. सात दिवसांत खुलासा न झाल्यास लेख वगळला जाईल.’ खाली आपलं कोशातलं नाव टाकलं. ‘लालपेन’ हे नाव त्याने तिथं घेतलेलं नव्हतं, ते फारच उघड झालं असतं. तिथं तो ‘काटेकोर’ होता. आपण तिचा भाऊ आहोत हे मात्र त्याने कुठंच लिहिलं नाही.

सात दिवस मोजले तर बरोबर कार्यक्रमाचा रविवार येत होता. ते त्याच्या लक्षात आलं मंगळवारी, औषधांच्या दुकानात.

कोपऱ्यावरचा औषधवाला ताईचा जुना विद्यार्थी. वयाच्या तिसाव्या वर्षी तो पोहायला शिकला, तोही कठडा दोन महिने न सोडता. लालपेन रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेला, तर हा गल्ल्यामागे फुरफुरत होता.

“काका, तुम्ही कॉम्प्युटरवर असता ना? हा काटेकोर म्हणून कोण मेला आहे, माहीत आहे का?”

लालपेनने चष्मा पुसायला घेतला. “का? काय केलं त्याने?”

“बाईंवर लेख टाकला मी! कार्यक्रमात पडद्यावर दाखवणार होतो, सगळ्यांना सांगून बसलोय. तर या काटेकोराने वर पाटी ठोकली, रविवारी लेख पुसणार म्हणे. माणसाला आई-बहीण काही असेल की नाही?”

“असेलही,” लालपेन म्हणाला. “पण तू नक्कल केली होतीस का?”

“नक्कल कसली! तलावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली होती, त्यातलं घेतलं. बाईंबद्दलचंच आहे, बाईंसाठीच घेतलं. आणि खाली कुणाचं नावही नाही. मग ते कुणाचं? सगळ्यांचंच ना?”

“नाव नाही म्हणजे मालक नाही असं होत नाही. लिहिणारा कुणीतरी असतोच.”

“मग शोधून द्या त्याला!” म्हणत औषधवाल्याने खालच्या कप्प्यातून एक पिवळट स्मरणिका काढली आणि गोळ्यांच्या पाकिटाबरोबर त्याच्या हातात कोंबली. “तुमच्याच छापखान्यातली आहे. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?”

लालपेनने दुकानाच्या पायरीवरच पान उघडलं. पान अकरा. आणि तो पायरीवरच बसला.

बावीस वर्षांपूर्वी ती स्मरणिका छापायला आली, तेव्हा एक पान कोरं राहत होतं. समितीचे लोक म्हणाले, काहीतरी टाका. बाहेर मशीन सुरू होतं, शाईचा वास दरवळत होता, आणि लालपेनने मशीनच्या आवाजात उभ्याउभ्या, पाठकोऱ्या प्रुफावर एका दमात तो मजकूर लिहून दिला होता. भावाने बहिणीची तारीफ केलेली बरी दिसत नाही, म्हणून नाव घातलं नाही. नंतर हजारो पानांच्या गर्दीत ते पान तो साफ विसरला. डावा पाय त्यानेच लहानपणी विहिरीच्या पायरीवर बसून पाहिला होता. ‘सागराची लेक’ही त्याचीच. आयुष्यभर दुसऱ्यांची विशेषणं कापणाऱ्याने बहिणीवर मात्र हात सैल सोडून विशेषणं उधळली होती.

“काका, चक्कर आली का?” औषधवाला बाहेर धावला.

“नाही रे. चोर सापडला.”

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकलं आणि पदर तोंडावर धरून हसली. “म्हणजे तुम्ही तुमच्यावरच खटला भरलात!”

“हसू नकोस. मजकूर माझा आहे, मी तो कोशाला देऊन टाकू शकतो. पाटी निघेल. पण मग मीच तिचा भाऊ हेही सांगावं लागेल, आणि न सांगता पाटी लावली हेही. अकरा वर्षांत माझ्या नावावर...”

“ताईंना विचारा,” बायको म्हणाली, आणि तिने विषय संपवला.

ताई तलावाच्या कठड्यावर बसली होती. गळ्यात शिट्टी, पांढरे केस ओले. पाण्यात एक प्रौढ बाई पालथी पडून हातपाय मारत होती आणि तिच्या पोटाखाली एका शिकाऊ शिक्षिकेचा तळहात होता. लालपेनने सगळं सांगितलं. ताई पाण्यावरची नजर न हलवता ऐकत राहिली.

“पान अकरा,” ती म्हणाली. “मला तेव्हाच कळलं होतं छोट्या, ते तुझं आहे. समितीतल्या कुणाला माझा डावा पाय माहीत होता?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू नाव घातलं नाहीस, म्हणजे तुला सांगायचं नव्हतं. मी तरी कशाला सांगू?” मग ती पाण्याकडे पाहत ओरडली, “हात काढ! अगं, काढ तो हात! ती तरंगतेय कधीची, तुलाच भीती!”

शिकाऊ मुलीने दचकून हात काढला. प्रौढ बाई तरंगतच राहिली.

“आता तुला काय विचारायचं होतं?” ताईने विचारलं.

“काही नाही,” लालपेन म्हणाला.

बुधवारी दुपारी त्याने लेखाचं चर्चापान उघडलं. दोन बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर तपासत त्याने लिहिलं: ‘मी या शिक्षिकेचा धाकटा भाऊ आहे. हे आधी न सांगता मी पाटी लावली, ही माझी चूक. कडक वागणं म्हणजे निःपक्षपात, असा माझा समज होता. स्मरणिकेतला मजकूर मीच लिहिला असून तो कोणालाही वापरण्यास मी खुला करतो. यापुढे या लेखाला मी हात लावणार नाही.’ आपलं उदार मन पाहून कोश गहिवरेल, असं त्याला जरासं वाटत होतं.

उत्तर दिलं ‘तळटीप’ नावाच्या कुणा परक्या बाईने. ‘नातं सांगितल्याबद्दल आभार. मजकूर तुम्ही दिलात तरी तो इथं चालणार नाही, निव्वळ स्तुती आहे. मी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून नव्याने लिहिते.’

आणि तिने लिहिलं. ‘सागराची लेक’ गेली. पाणी तिला घाबरत असे, तेही गेलं. डावा पाय, ‘स्रोत नाही’ अशा शेऱ्यासह, गेला. लालपेन प्रत्येक बदल पाहत होता आणि प्रत्येक वाराला ‘हाय’ म्हणत होता. शेवटी बारा वाक्यं उरली. त्यांतली पाच टिचक्यांच्या भाषेबद्दल होती. त्याच्या जुन्या मजकुरात त्या भाषेबद्दल एक अक्षर नव्हतं. विशेषणांच्या नादात बहिणीचं सगळ्यात मोठं काम लिहायचंच राहून गेलं होतं.

“कशी आहे बाई?” बायकोने विचारलं.

“निर्दय,” तो म्हणाला. “छापखान्यात माझ्या हाताखाली असती तर मी लवकर निवृत्त झालो असतो.”

फोटोवरून आणखी एक लढाई झाली. औषधवाल्याने ताईचा चौकटीतला जुना फोटो चढवला होता. तोही काढावा लागला. “फोटोत मी आहे, म्हणजे फोटो माझा!” ताई फोनवर कडाडली. लालपेनने तिला समजावलं, फोटो काढणाऱ्याचा असतो, आणि तो स्टुडिओवाला आता कुठं आहे कुणास ठाऊक. मग औषधवाल्याने शनिवारी स्वतः तलावावर जाऊन नवा फोटो काढला आणि कोशाला देऊन टाकला. ताई त्यात कुणावर तरी ओरडते आहे आणि कोपऱ्यात औषधवाल्याचा अंगठा आला आहे.

रविवारी सभागृह भरलं. पिवळी पाटी निघालेली होती. पडद्यावर बारा वाक्यं झळकली आणि लालपेन लॅपटॉपशी बसला. पुढच्या रांगेतली तिची ऐकू न येणारी मुलं, आता चांगली मोठाली झालेली, टिचक्यांचा परिच्छेद आला तसे एकमेकांच्या खांद्यावर टिचक्या मारू लागली. सभागृहात हसू पसरलं.

ताईने चष्मा लावून सगळं वाचलं. “बरं आहे. नीट आहे. फक्त अडतीस वर्षं नाही शिकवलं, चाळीस. दुरुस्त कर.”

“मला नाही करता येत.”

“का? बोटं दुखतात?”

“मी तुझा भाऊ आहे.”

सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं. चर्चापान कधी न उघडलेल्या औषधवाल्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या ‘काटेकोर’ या नावावर गेली, तरी डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला. “म्हणजे काटेकोर... काका, तुम्ही?”

“मी,” लालपेन म्हणाला. “आणि मेलो नाहीये अजून. आई होती, बहीण ही समोर आहे.”

हशा ओसरल्यावर त्याने सगळ्यांसमोर चर्चापानावर विनंती टाकली: ‘कृपया अडतीसऐवजी चाळीस करावे.’ सगळे पडद्याकडे पाहत राहिले. चहा फिरला. चहा संपता संपता तळटीपबाईंचं उत्तर आलं, एकाच शब्दाचं: ‘स्रोत?’

“मी सांगते ना!” ताई उभीच राहिली. “शिकवलं मी, पाणी नाकात गेलं माझ्या!”

“तू चालत नाहीस, ताई. कुठंतरी छापून यायला हवं. आणि मीही चालत नाही.”

“मग राहू दे अडतीस,” ताई म्हणाली. “दोन वर्षं आपल्यातच ठेवू.”

तिने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांना शेजारच्या तलावावर नेलं. लालपेन लॅपटॉप मिटून मागोमाग गेला. कठड्यावर माणसांची दाटी होती. ताईने पायरीशी उभं राहून एकदा मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पाण्यात डावा पाय टाकला.

त्याने खिशावरून हात फिरवला. पेन होतं. काढलं नाही.